प्रथिन-लशींना उशीर कुठे झाला

मार्च २०२२ मध्ये आपल्याकडे १२ ते १४ वर्षांच्या मुलांना कोर्बेवॅक्स द्यायला सुरुवात झाली, तेव्हा कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन येऊन वर्ष उलटलं होतं. कोर्बेवॅक्स ही कोविडवरची प्रथिन-लस, म्हणजे विषाणूतलं एखादं प्रथिन टोचणारी लस. मागाहून आली म्हणून ती नवी वाटली, पण तिचं काम सार्स या कोविडसारख्याच आजाराच्या काळापासूनचं आहे.

विषाणूतलं एखादं प्रथिन नुसतं टोचलं तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. सोबत प्रतिकारशक्तीला डिवचणारं काहीतरी लागतं, ते म्हणजे अ‍ॅड्जुव्हंट. १९२० च्या दशकात फ्रान्समधले पशुवैद्य गास्तों रामों यांना दिसलं, की टोचल्या जागी गळू झालेल्या घोड्यांमध्ये प्रतिविष जास्त तयार होतं. त्यांनी मग लशीत टॅपिओकासुद्धा मिसळून पाहिला. १९२६ मध्ये इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी घटसर्पाच्या लशीसाठी तुरटी वापरली. अ‍ॅल्युमिनियमचे क्षार तेव्हापासून लशींत टिकून आहेत.

२००३ च्या सार्समध्ये सुमारे आठ हजार लोक आजारी पडले, ७७४ दगावले. लशींवर काम सुरू झालं, पण लस दिलेल्या उंदरांना पुढे विषाणूची लागण केली तेव्हा काही प्रयोगांत त्यांच्या फुप्फुसांत इओसिनोफिल या दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशी जमल्या. शास्त्रज्ञांना १९६० च्या दशकातली आरएसव्हीची, म्हणजे लहान मुलांच्या श्वसनमार्गाला ग्रासणाऱ्या विषाणूवरची, लस आठवली. त्या चाचणीत लस घेतलेली दोन बाळं नंतरच्या संसर्गात दगावली होती. लशीमुळेच पुढचा आजार बळावेल ही भीती रास्त होती. म्हणून ह्यूस्टनमधल्या पीटर होटेझ आणि मारिया एलेना बोटाझ्झी यांच्या गटाने विषाणूच्या पृष्ठभागावरचं अख्खं स्पाइक प्रथिन न घेता पेशीला चिकटणारा त्याचा भागच निवडला आणि तो यीस्टमध्ये वाढवला. २०१६ पर्यंत लस तयार होती, पण सार्स ओसरला होता आणि माणसांवरच्या चाचणीला पैसा मिळाला नाही. माझ्या मते खरा उशीर इथे झाला. सार्सची लस कोविडवर जशीच्या तशी चालली असती असं नाही, पण ती माणसांत कितपत सुरक्षित आहे याची माहिती २०२० च्या जानेवारीत हाताशी असती.

पुढे हैदराबादच्या बायोलॉजिकल ई ने हेच तंत्र घेऊन कोर्बेवॅक्स बनवली. ह्यूस्टनच्या गटाने पेटंट घेतलं नव्हतं, हे मला फार मोलाचं वाटतं. अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीला तिच्यात सीपीजी १०१८ हे आणखी एक अॅड्जुव्हंट आहे. एकटं अ‍ॅल्युमिनियम प्रतिसाद एका बाजूला झुकवतं, सीपीजी तो सावरतं.

२८ डिसेंबर २०२१ रोजी तिच्यासोबतच पुण्याच्या सीरमच्या कोवोवॅक्सला मंजुरी मिळाल्याचं जाहीर झालं. नोव्हावॅक्सच्या या लशीतलं प्रथिन आपल्या मक्यावर पडणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीच्या पेशींत वाढवतात. तिचं अ‍ॅड्जुव्हंट चिलीतल्या क्विलाजा झाडाच्या सालीतल्या सॅपोनिनपासून होतं. आपल्या रिठ्यातही सॅपोनिनच असतं. प्रथिनाचा आकार टिकावा म्हणून त्यात प्रोलीन या अमिनो आम्लाचे दोन रेणू बसवतात. ही युक्ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मर्स या सार्सच्याच कुळातल्या विषाणूवरच्या संशोधनातली आहे.