फॉल्स सीलिंग हलकं, म्हणून बिनधोक?

यवतमाळकडच्या गावांतही आता मंगल कार्यालयात फॉल्स सीलिंग दिसतं, आणि सोबत हा समज: "आपल्याकडे कुठला भूकंप? अन् आला तरी हलक्या पाट्यांनं काय होते?"

किल्लारीही तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्याला ठाऊक आहे.

भूकंपात पाट्या धरणारी, तारांना टांगलेली धातूची जाळी झोक्यासारखी हलते, भिंतीवर आदळते. कडेची पाटी भिंतीला ठोकलेल्या अँगलवर, म्हणजे धातूच्या पट्टीवर, जेमतेम बोटभर टेकलेली असते. ती निसटते, मग शेजारची. खरी भीती जाळीवरच ठेवलेल्या जड दिव्यांची. जाळी हलू नये म्हणून तिरप्या तारा आणि पाटी निसटू नये म्हणून रुंद अँगल मिस्त्रीकडून लावून घ्याच. आजच स्टूलवर चढा, पाटी उचला, दिव्याची स्वतंत्र तार स्लॅबपर्यंत गेलीय का बघा.