पेल्यांच्या शैवाकाची ओळख : मागची अडीचशे वर्षं

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये हीदरच्या झुडपांचे मोठमोठे माळ आहेत. जमीन आम्लधर्मी, निकस, खाली पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, काळा थर. झुडपांच्या बुडाशी गुडघे टेकून पाहिलं की एखाद-दोन सेंटिमीटर उंचीचे करडे-हिरवे पेले उभे दिसतात. शेजारच्या बर्चच्या राईत शिरा, कुजत चाललेल्या खोडावर तसेच पेले. भिंग लावलं की पेल्याच्या आतल्या बाजूला रव्यासारखे कण दिसतात. बोट फिरवलं तर बोटालाही लागतात. त्यातला प्रत्येक कण म्हणजे बुरशीच्या धाग्यांत गुंडाळलेल्या शैवालाच्या पेशी. वाऱ्यापावसाने तो जिथे पडेल तिथे नवं शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून बनलेला जीव, उगवू शकतं.

आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूलही शैवाकच. या पेल्यांची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मात्र वेगळी, क्लॅडोनिया. एवढं सांगणं सोपं आहे. नेमकी जाती कोणती, हा प्रश्न अडीचशे वर्षं चालत आला आहे.

वनस्पतींना दुहेरी नावं देणाऱ्या स्वीडिश लिनियसच्या आधी हे पेले ‘शेवाळात’, म्हणजे मॉसमध्ये, मोडत आणि इंग्लंडात डांग्या खोकल्यावर औषध म्हणून दिले जात. ऑक्सफर्डला योहान डिलेनियस यांनी १७४१ साली शेवाळांवरच्या आपल्या ग्रंथात त्यांची बारकाईने चित्रं काढली. १७५३ मध्ये लिनियसने सुमारे ८० शैवाकं ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत कोंबली. त्यातल्या पेलेवाल्याला त्याने नाव दिलं पिक्सिडाटस, मूळ ग्रीक शब्द डबीचा. ते नाव आजही टिकून आहे, पण एका डबीत किती जाती दडल्या आहेत याची त्याला कल्पना असणं शक्य नव्हतं.

घडी बसवली ती त्याच्याच शिष्याने. एरिक आकारियस स्वीडनमधल्या वाडस्टेना गावचा डॉक्टर. रोगी तपासून उरलेल्या वेळात त्याने शैवाकांच्या अवयवांना नावं दिली. पेल्याच्या दांड्याला आजही त्याचाच ‘पोडेशियम’ हा शब्द वापरतात. जर्मनीत फ्ल्योर्के यांनी १८२८ साली फक्त क्लॅडोनियांवर पुस्तक लिहिलं. आपल्या रवाळ पेल्याचं ‘क्लोरोफिया’ हे नावही मुळात त्यांचंच. हे सगळं काम डोळ्यांच्या भरवशावर. आणि क्लॅडोनिया डोळ्यांना हमखास चकवतं, कारण सावली, ओल, वय बदललं की एकाच जातीचा पेला कधी पसरट, कधी तुतारीसारखा, कधी कडांना पिल्लं फुटलेला दिसतो. जुन्या पुस्तकांत उपप्रकारांच्या याद्या पानंच्या पानं वाढत गेल्या त्या यामुळेच.

१८६६ मध्ये पॅरिसला राहणाऱ्या विल्यम न्यूलांडर या फिनिश संशोधकाने नवी वाट दाखवली. शैवाकावर दाहक पोटॅशचा किंवा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब टाकायचा आणि रंग पाहायचा. त्याच वर्षी श्रूजबरीच्या विल्यम लेटन यांनी पोटॅशची बाटली घेऊन क्लॅडोनियांचीच फेरतपासणी केली. अनेकांना हे पटलं नाही. रंगावरून जाती ठरवायची, हे त्यांना वनस्पतिशास्त्रच वाटेना. मला न्यूलांडर इथे द्रष्टा वाटतो. मात्र शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवालाचं एकत्र बिऱ्हाड, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी मांडलं तेव्हा तोच न्यूलांडर शेवटपर्यंत विरोधात उभा राहिला.

आपल्या रवाळ पेल्यांनी मात्र या दोन थेंबांना फारशी दाद दिली नाही. ती दिली १९३४ नंतर. जपानी रसायनशास्त्रज्ञ यासुहिको आसाहिना यांनी तिसरा थेंब आणला, पॅरा-फेनिलीनडायअमीनचा. केसांच्या अनेक कलपांत असतं तेच हे रसायन, विषारी आहे आणि बोटांना लागू द्यायचं नाही. सुईच्या टोकाने थेंब पेल्याच्या कडेला टेकवायचा. आधी पिवळट डाग पडतो, मग बघता बघता विटेसारखा लाल होतो. म्हणजे आत फ्यूमारप्रोटोसेट्रॅरिक आम्ल आहे. आसाहिना तिथेच थांबले नाहीत. शैवाकाचा अर्क काचपट्टीवर सुकवून त्यांनी त्याचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १९४० साली क्लोरोफियाच्या गर्दीतून दोन नव्या जाती वेगळ्या काढल्या : मेरोक्लोरोफिया आणि क्रिप्टोक्लोरोफिया. क्रिप्टो म्हणजे लपलेला. याच कळपातली ग्रेयी ही जाती अतिनील दिव्याखाली निळसर पांढरी चमकते, तीही नुसत्या डोळ्यांना वेगळी दिसत नाही.

१९७० मध्ये चिचिता कल्बर्सन आणि क्रिस्टिन्सन यांनी पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे अर्कातली रसायनं वेगवेगळी करून ओळखण्याची, प्रमाण पद्धत घालून दिली. सिलिकाचा लेप दिलेली काच, ठरलेली द्रावकं, आम्ल फवारून तापवल्यावर उमटणारे ठिपके. तेव्हापासून खात्री करायची तर नमुना प्रयोगशाळेत नेणं आलंच.

त्यानंतर डीएनए आला. जाती हातात नीट येतील असं वाटत असतानाच वंशवृक्षात रसायनावरून पाडलेले गट एकेका फांदीवर सरळ बसेनात. एकाच रसायनाचे नमुने लांबलांबच्या फांद्यांवर, तर वेगळ्या रसायनाचे शेजारीशेजारी.

म्हणून माळावर काम करणारी जाणती माणसं आज रवाळ पेला पाहून घाईने नाव सांगत नाहीत. वहीत लिहितात, ‘क्लॅडोनिया क्लोरोफिया, व्यापक अर्थाने’. त्याखाली हीदरच्या बुडाशी की कुजक्या खोडावर, थेंबाला रंग कोणता आला, एवढी नोंद. आणि नखाएवढा तुकडा कागदाच्या पुडीत बांधून सुकायला ठेवतात.