एका धाग्याची साक्ष पुरत नाही

केमोथेरपीची औषधं गाठीतली पेशी कोणती आणि निरोगी कोणती, हे विचारत बसत नाहीत. सिस्प्लॅटिन डीएनएमधल्या शेजारशेजारच्या दोन ‘जी’ अक्षरांना एकमेकांशी जखडतं, मग ती पेशी कुठलीही असो. बहुतेक ठिकाणी पेशी ही इजा दुरुस्त करते. जिथे दुरुस्ती फसते, तिथे एखादं अक्षर कायमचं बदलतं.

गाठीतले बदल सापडायला तसे सोपे. तिथल्या पेशी एकाच मूळ पेशीच्या वंशज, त्यामुळे तोच बदल लाखो पेशींत दिसतो. निरोगी ऊतींमध्ये मात्र जवळजवळ प्रत्येक पेशीचा बदल निराळा. नमुन्यात तो डीएनएच्या एखाद्याच रेणूवर असतो. नेहमीची सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणारी, यंत्रं हजार अक्षरांमागे साधारण एक चुकीचं वाचतात आणि आपला जीनोम सुमारे 3 अब्ज अक्षरांचा! खरा बदल यंत्राच्या चुकांत बुडून जातो.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये यावर तोडगा मांडला: ड्युप्लेक्स सिक्वेन्सिंग. डीएनए दुपदरी असतो, याचाच त्यांनी फायदा घेतला. प्रत्येक तुकड्याला ओळखखूण जोडायची आणि दोन्ही धागे स्वतंत्र वाचून ताडून पाहायचे. खरं उत्परिवर्तन, म्हणजे अक्षराचा कायमचा बदल, दोन्ही धाग्यांवर असतं. वाचनातली चूक सहसा एकावरच. कल्पना इतकी साधी की आधी कुणाला कशी सुचली नाही, असं वाटावं.

तरी एक चोरवाट राहिलीच. तुकड्यांची फाटकी टोकं सांधताना एका धाग्यावरची इजा दुसऱ्यावर उतरते, म्हणजे दुसरा साक्षीदार पहिल्यानेच पढवलेला. ब्रिटनच्या सँगर संस्थेतल्या गटाने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘नॅनोसेक’ पद्धतीत विकराने डीएनए सरळ कापून ही वाट बंद केली. चुका अब्ज अक्षरांमागे पाचाच्याही खाली आल्या.

उपचारानंतरच्या बदलांमध्ये औषधाची ‘सही’ ओळखू येते: सिस्प्लॅटिनसारख्या प्लॅटिनमयुक्त औषधांचा ठसा वेगळा, टेमोझोलोमाइड या दुसऱ्या केमो औषधाचा वेगळा. पण प्रत्येक बदलाचा दोष औषधाच्या माथी मारता येत नाही. केमोनंतर काही रुग्णांना वर्षांनी रक्ताचा दुसरा कर्करोग होतो. त्यात सापडणारं टीपी53 या पेशींची बेसुमार वाढ रोखणाऱ्या जनुकातलं उत्परिवर्तन काहींच्या केमोआधीच्या, जपून ठेवलेल्या नमुन्यांतही मिळालं, हे 2015 मध्ये समोर आलं. औषधाने तो बदल घडवलाच नव्हता. आजूबाजूच्या पेशी मेल्या, तो बदल असलेल्या पेशीला औषध बाधलं नाही आणि मोकळी झालेली जागा तिच्या वंशाने व्यापली.