राक्षसी मुंग्या खोट्या, पण भीती खरी होती

जुने हॉलिवूड हॉरर म्हणजे रबरी राक्षस आणि आरडाओरडा, असं म्हणून लोक सोडून देतात, मला हे अजिबात पटत नाही. 1954 चा 'देम!' बघा. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात एक छोटी मुलगी डोकं फुटलेली बाहुली घेऊन एकटीच चालत असते, धक्क्याने तिची वाचाच गेलेली, मग तिच्या नाकाशी फॉर्मिक अ‍ॅसिड धरतात आणि ती किंचाळायला लागते. कारण मुंग्या! 16 जुलै 1945 ला याच राज्यात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली, त्या रेडिएशनमुळे मुंग्या प्रचंड मोठ्या झाल्या, अशी गोष्ट आहे.

फॉर्मिक अ‍ॅसिड खरंच बऱ्याच मुंग्यांच्या विषात असतं. बाकी सगळं अशक्य. रेडिएशन डीएनए तोडतं, त्याने पेशी मरतात किंवा कॅन्सर होतो, कोणी राक्षस होत नाही. आणि 1 सेंमीची मुंगी 3 मीटरची केली तर वजन 2 कोटी 70 लाख पट होणार, पायाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ फक्त 90 हजार पट, उभीच राहू शकणार नाही.

मग लोक घाबरले कशाला? कारण 1951 पासून अमेरिकेच्या नेवाडा राज्यात चाचणीचे अणुबॉम्ब फुटत होते, 1 मार्च 1954 ला पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर अंदाजाच्या अडीच पट, 15 मेगाटनचा स्फोट झाला, आणि त्यातली किरणोत्सारी धूळ कुठे जाते ते दिसत नव्हतं.

आता माझा आवडता भाग. युरेनियम फुटलं की तुकड्यांमध्ये स्ट्रॉन्शियम-90 हे किरणोत्सारी मूलद्रव्य निघतं. आवर्त सारणीत स्ट्रॉन्शियम बरोब्बर कॅल्शियमच्या खाली आहे, दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत 2 इलेक्ट्रॉन, त्यामुळे शरीराला फरक नीट कळत नाही. पावसाबरोबर ते गवतावर पडतं, गवत गाय खाते, गायीचं दूध मूल पितं, आणि कॅल्शियम समजून हाडं ते आत बसवून घेतात. तिथे बसून ते बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, सोडतं, त्याचं यिट्रियम-90 होतं, ते आणखी जोरदार बीटा सोडतं, आणि हे सगळं हाडांतल्या मज्जेच्या अगदी शेजारी, जिथे रक्त तयार होतं. स्ट्रॉन्शियम-90 चं अर्धायुष्य सुमारे 29 वर्षं, म्हणजे तेवढ्या काळानेही निम्मं उरतंच.

दुधाचे दात आईच्या पोटात आणि पहिल्या वर्षभरात घडतात, मग त्यातलं कॅल्शियम फारसं बदलत नाही, म्हणजे त्या काळातल्या स्ट्रॉन्शियमची नोंद दातात पक्की होते. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात 1958 पासून डॉ. लुईझ राइस आणि सहकाऱ्यांनी पडलेले दात गोळा करायला सुरुवात केली, पुढे 3 लाखांच्या वर जमले. दात देणाऱ्या मुलांना 'मी माझा दात विज्ञानाला दिला' असा बिल्ला मिळायचा. 1961 ला 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत पहिले निकाल आले, 1951 ते 54 मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम-90 चं प्रमाण चढत गेलेलं स्पष्ट दिसत होतं.

 

5 ऑगस्ट 1963 ला अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटनने हवेतल्या अणुचाचण्या थांबवायच्या करारावर सह्या केल्या. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम उतरत गेलं. फ्रान्स आणि चीनने मात्र सही केली नाही, चीनने हवेतली शेवटची चाचणी 1980 मध्ये केली.