इटलीची ग्रुप टूर: पत्रकामागचा इतिहास

इटलीच्या ग्रुप टूरचं कुठलंही पत्रक उघडा, मुक्काम ठरलेले दिसतात. रोम आणि व्हॅटिकन, मग फ्लॉरेन्स, वाटेत पिसाचा फोटो स्टॉप, शेवटी व्हेनिस. टूर जरा सवडीची असेल तर टस्कनीत एखाद्या मळ्यावर जेवण, फार झालं तर दक्षिणेला पॉम्पेई. यात्रेकरू, सरदारांची पोरं, रेल्वे, मोटाररस्ता आणि अलीकडे नगरपालिकांचे नियम असे थर एकावर एक बसत हे पत्रक तयार झालं आहे. "मेंढरांसारखं हाकलतात हो" ही तक्रारसुद्धा आजची नाही. तिलाही दीडशेच्या वर वर्षं झाली.

सगळ्यात खालचा थर यात्रेकरूंचा. सन १३०० मध्ये पोप आठवा बोनिफास याने पहिलं जुबिली वर्ष जाहीर केलं. रोमला यायचं, नेमून दिलेल्या चर्चचं दर्शन नेमून दिलेले दिवस घ्यायचं, की पापाची शिक्षा माफ. लोक एवढे लोटले की टायबर नदीवरच्या पुलावर जाणाऱ्यांना एक बाजू आणि येणाऱ्यांना दुसरी अशी विभागणी करावी लागली. दान्तेने आपल्या नरकवर्णनात या व्यवस्थेचा दाखलाच दिला आहे. पुढे १४५० च्या जुबिलीत त्याच पुलावर चेंगराचेंगरी होऊन दीडशेच्या वर माणसं गेली आणि पुलापुढची जागा मोकळी करावी लागली. रोममध्ये काय काय पाहायचं हे सांगणारी लॅटिन पुस्तिका तर बाराव्या शतकापासून फिरत होती.

पण ज्याला आपण आज पॅकेज म्हणतो, ते विकलं व्हेनिसने. पंधराव्या शतकात युरोपातून जेरुसलेमला जायचं तर बहुतेक लोक व्हेनिसहून गलबत धरत. सेंट मार्कच्या चौकात गलबतांचे मालक आपापले झेंडे रोवून गिऱ्हाईक गाठत. करार लेखी असे: जाण्यायेण्याचं भाडं, दिवसातून दोन वेळचं शिजवलेलं जेवण, जाफा बंदरातले कर, पुढे गाढवांचं भाडं, सगळं एका रकमेत. त्यावर व्हेनिसच्या सरकारची देखरेख होती. सरकारने नेमलेले वाटाडे चौकात आणि रिआल्टो पुलापाशी उभे राहत. परदेशी यात्रेकरूला उतरायची जागा दाखवणं, पैसे मोडून देणं, करारात फसगत होऊ न देणं ही त्यांची कामं. गलबत सुटेपर्यंत कित्येक आठवडे थांबावं लागे. तेवढ्यात यात्रेकरूंना चर्चमधले संतांचे अवशेष दाखवले जात, मिरवणुकीत मानाने चालवलं जाई, आणि तोवर त्यांचा पैसा शहरात खेळत राही.

विल्यम वे नावाच्या इंग्रज पाद्र्याने १४५८ आणि १४६२ मध्ये हा प्रवास केला आणि मागून येणाऱ्यांसाठी सूचना लिहून ठेवल्या. सेंट मार्कजवळच्या दुकानातून गादी, उशी, चादरी असा संच तीन डुकॅटला घ्या, परत आल्यावर तोच दुकानदार दीड डुकॅटला परत घेईल. सोबत अर्धा डझन कोंबड्या मावतील असा खुराडा घ्या, कारण गलबतावरच्या जेवणाचा भरवसा नाही. आपण बॅगेत मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी भरतो त्यावर हसणाऱ्यांनी हा खुराडा लक्षात ठेवावा.

दुसरा थर श्रीमंतांचा. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या बड्या घरच्या मुलांना शिक्षण पुरं करायला फ्रान्स आणि इटलीला पाठवत. एकदोन वर्षांच्या या फेरीला 'ग्रँड टूर' म्हणत, आणि रिचर्ड लॅसल्सच्या १६७० मध्ये छापल्या गेलेल्या पुस्तकात हा शब्द आढळतो. मुलाबरोबर एक शिक्षक असे. रोममध्ये पोचल्यावर अवशेष समजावून सांगणारा जाणकार वेगळा नेमत, त्याला 'चिचेरोने' म्हणत. वेळापत्रक सणांवर बेतलेलं होतं: कार्निव्हलला किंवा असेन्शनच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या, उत्सवाला व्हेनिस, ईस्टरच्या आठवड्यात रोम, थंडीत नेपल्स. वेझुव्हियसच्या राखेखाली गाडलेल्या हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ मध्ये आणि पॉम्पेईचं १७४८ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून नेपल्सला आणखी एक कारण मिळालं.

गाडीची सोय 'वेत्तुरीनो' करी. हा गाडीवान एका रकमेत गाडी, घोडे, रात्रीचा मुक्काम आणि जेवण असा सगळा ठेका घेई. अटी कागदावर असत, आणि शेवटी 'बुओना मानो' म्हणजे बक्षिशी, तीही प्रवासी खूश असेल तरच. आजच्या टूरमध्ये कोच ड्रायव्हरची टिप रोजच्या हिशोबाने आधीच गोळा करतात. ती जुनी अट बरी होती असं माझं मत.

याच काळातली एक सही इटलीच्या प्रत्येक टूरला आजही पुरते. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याची शेवटची वारस आना मारिया लुइझा हिने १७३७ मध्ये करार केला की घराण्याची चित्रं, पुतळे, ग्रंथ, जडजवाहीर सगळं टस्कनीच्या राज्याला मिळेल, पण त्यातलं काही शहराबाहेर न्यायचं नाही. कारणं करारातच दिली आहेत: राज्याची शोभा, जनतेचा उपयोग आणि परक्या लोकांचं कुतूहल ओढून घेणं. पर्यटन हा शब्द चलनात येण्याआधी एका बाईने त्याचा विचार करून ठेवला होता. याच संग्रहाचं उफिझी संग्रहालय १७६९ मध्ये लोकांसाठी उघडलं. मेदिचींनंतर टस्कनी व्हिएन्नाच्या राजघराण्याकडे गेली, त्यामुळे हा करार नसता तर बोत्तिचेल्लीची चित्रं बघायला कदाचित व्हिएन्नाला जावं लागलं असतं.

आता थॉमस कुक. लाकडी सामान बनवणारा कारागीर, दारूबंदीचा कट्टर प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लाफबरोला, एक शिलिंग घेऊन, सुमारे पाचशे माणसं रेल्वेने दारूबंदीच्या सभेला नेली. पुढे १८६३ मध्ये स्वित्झर्लंड आणि १८६४ मध्ये इटली. ज्या प्रवासाला सरदारपुत्राला वर्ष लागे, तो शिक्षक, दुकानदार, कारकून यांच्या सुट्टीत बसू लागला. एकट्या बायकांना तर कुकच्या जथ्यामुळे पहिल्यांदाच विनासायास परदेश बघता आला. हॉटेलची कुपनं त्याने १८६८ मध्ये आणली. पैसे घरीच भरायचे, तिकडे कुपन फाडून द्यायचं, घासाघीस नाही.

जुन्या प्रवाशांचा तिळपापड झाला. चार्ल्स लिव्हर हा कादंबरीकार तेव्हा ला स्पेझिया बंदरात ब्रिटिश उपवाणिज्यदूत होता. १८६५ मध्ये त्याने टोपणनावाने लिहिलं की चाळीसेक जणांचे कळप इटलीच्या रस्त्यांतून वाहतात आणि त्यांचा म्होरक्या कधी पुढे, कधी मागे, मेंढपाळाच्या कुत्र्यासारखा त्यांच्याभोवती धावतो. एवढ्यावर तो थांबला नाही. हे खरं तर कैदी आहेत, ऑस्ट्रेलियाने घ्यायचं नाकारलं म्हणून इंग्रज सरकार त्यांना थोडे थोडे इटलीच्या शहरांत सोडतंय, अशी कंडी त्याने इटालियन लोकांत पिकवली आणि ते स्वतःच छापून सांगितलं. कुकने परराष्ट्रमंत्र्यांकडे तक्रार केली, हाती काही लागलं नाही. मग त्याने आपल्या नियतकालिकात उत्तर दिलं: रोम आणि निसर्ग ही मूठभरांची मिरास आहे काय? आज व्हेनिसच्या गल्लीत "ग्रुपवाले आले" म्हणून नाक मुरडणारा एकटा प्रवासी लिव्हरचंच वाक्य बोलत असतो.

१८७१ मध्ये आल्प्सखालचा फ्रेजुस बोगदा सुरू झाला. अठराव्या शतकात मों सनीच्या घाटात गाडी मोडून तिचे भाग खेचरांवर आणि माणसं खुर्च्यांवर बसवून नेण्याचे दिवस होते. वेझुव्हियसवर चढणारी केबलची रेल्वे १८८० मध्ये निघाली आणि काही वर्षांनी कुक कंपनीनेच ती विकत घेतली. 'फुनिकुली फुनिकुला' हे गाणं या रेल्वेसाठीच लिहिलेलं.

मुंबईचा संबंध इथून सुरू होतो. १८७० पासून हिंदुस्थानची टपाल इटलीच्या टाचेवरच्या ब्रिंडिसी बंदरातून जाऊ लागली. मुंबईहून निघालेल्या माणसाला युरोपची पहिली जमीन म्हणून बऱ्याचदा इटलीच दिसे, पण ती दिसे आगगाडीच्या खिडकीतून, लंडन गाठण्याच्या घाईत. गांधीजी गोलमेज परिषदेहून परतताना डिसेंबर १९३१ मध्ये रोमला थांबून ब्रिंडिसीहूनच बोटीत बसले.

त्याच १८७० मध्ये कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज इंग्लंडचा दौरा करून परतत होते. वय अवघं वीस. फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. ख्रिस्ती शहरात दहनाची सोय कुठली? खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, काशिने बागेच्या टोकाला, हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार झाले. १८७४ मध्ये तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभारला गेला, शिल्पकार चार्ल्स फुलर. जवळच १९७० च्या दशकात बांधलेल्या पुलाला लोक 'इंदियानो' म्हणतात. मराठी ग्रुप फ्लॉरेन्समध्ये अर्धा दिवस असतो आणि ही जागा मध्यापासून चारेक किलोमीटरवर आहे, तरी बहुतेक पत्रकांत तिचं नाव सापडत नाही. टूर कंपन्यांनी एवढं एक वळण घ्यावं.

विसाव्या शतकातले फॅसिस्ट राजवटीचे दिवस उरकते घेऊ: १९३१ मध्ये स्वस्त 'लोकगाड्या' सुरू झाल्या आणि सामान्य इटालियन माणूस स्वतःचा देश बघायला निघाला. आजच्या टूरला आकार दिला तो युद्धानंतरच्या रस्त्याने. मिलान ते नेपल्स हा 'सूर्यमार्ग' १९५६ मध्ये सुरू होऊन १९६४ मध्ये पूर्ण झाला, लांबी साधारण ७६० किलोमीटर. मिलान, बोलोन्या, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स एका माळेत आले आणि टूर रेल्वेवरून बसवर आली. रस्त्यावर आडवं बांधलेलं पुलासारखं उपाहारगृह १९५९ मध्ये फिओरेन्झुओलाला उघडलं. "फ्रेश होऊन या, पाऊण तासात निघायचंय" ही घोषणा अशाच थांब्यांवर होते. पाऊण तासच का, तर युरोपीय नियमानुसार साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. टूर मॅनेजर कितीही घायकुतीला आला तरी ड्रायव्हर कोच हलवत नाही.

आणि तो मळा? द्राक्षवेली, सरूच्या रांगा, दगडी घर, लांब टेबलावर वाइन आणि ऑलिव्ह तेल. टस्कनीचं हे चित्र आपल्याला अनादि वाटतं, पण पाहुण्यांसाठी ते अलीकडेच खुलं झालं. तिथली शेती शतकानुशतकं अर्धेलीची होती: जमीन मालकाची, राबणं कुळाचं, पीक निम्मंनिम्मं. एका दगडी घरात पंधरा-वीस माणसांचं खटलं. युद्धानंतर तरुण मुलं कारखान्यांकडे गेली, १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले, आणि घरं ओस पडली. काही इंग्रज-जर्मन लोकांनी मातीमोलाने घेतली. उरलेल्या शेतकऱ्यांना जोडधंदा म्हणून पाहुणे ठेवायची रीतसर मुभा १९८५ च्या कृषी पर्यटन कायद्याने दिली. अट अशी की शेती मुख्य राहिली पाहिजे आणि पाहुणचार तिच्या आधाराने. म्हणून तिथे घरच्याच वाइनचे चार पेले पुढे येतात आणि जेवणानंतर बाटल्या विकत घेण्याचा गोड आग्रह होतो. ज्या ओसरीवर आपण फोटो काढतो, तिथे दोन पिढ्यांपूर्वी मालकाचा कारभारी निम्मं धान्य मोजून नेत असे.

मराठी कुटुंब या वाटेवर आलं ते बरंच उशिरा. परकीय चलन मोजून मिळायचं तोवर परदेश म्हणजे मुलगा अमेरिकेत असेल तर. केसरी ही टूर कंपनी १९८४ मध्ये सुरू झाली, आधी देशातल्या सहली, मग परदेश. १९९१ नंतर चलनाची बंधनं सैल होत गेली, २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५,००० डॉलरची मोकळीक दिली. तिकडे इटली १९९७-९८ मध्ये शेंगेन व्यवस्थेत आली आणि २००२ मध्ये हातात युरो आला. एक व्हिसा, एक चलन, म्हणून एका दमात सात-आठ देश जमू लागले. त्यात इटलीच्या वाट्याला आले तीन-चार दिवस. मुक्काम मेस्त्रे किंवा पादुआला, कारण व्हेनिसच्या बेटावर कोच जात नाही आणि हॉटेल परवडत नाही. आता फक्त इटलीच्या टूर निघतात, ते मला चांगलं लक्षण वाटतं.

व्हॅटिकनच्या संग्रहालयात एक गंमत दिसते. पिन्या अंगणात सिस्टाइन चॅपेलच्या चित्रांचे मोठे फलक लावलेत आणि प्रत्येक ग्रुप त्यापुढे उन्हात उभा राहून छताचा अर्थ ऐकतो. चॅपेलमध्ये बोलायला मनाई, म्हणून पाठ बाहेर आणि दर्शन आत. बोलतो तो स्थानिक गाइडच. परवान्याशिवाय समजावून सांगणं इटलीत बेकायदा धरतात, त्यामुळे बसमध्ये अखंड बोलणारा आपला टूर मॅनेजर दारापाशी माइक सोडून देतो. पूर्वी परवाना प्रांताप्रांताचा असे. डिसेंबर २०२३ च्या कायद्याने गाइडसाठी देशपातळीवरची परीक्षा आणि नोंदवही आणली आहे.

व्हेनिसने आणखी पुढचं पाऊल टाकलं. १९५१ मध्ये बेटावर पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत, आता पन्नास हजारही नाहीत. २०२४ पासून ठरावीक दिवशी येऊन-जाऊन करणाऱ्यांना प्रवेशशुल्क (सुरुवातीला ५ युरो) लागू झालं, गाइडच्या ग्रुपवर २५ माणसांची मर्यादा आली आणि ध्वनिवर्धकाला बंदी. चाळीस-पंचेचाळीस जणांच्या कोचला त्यामुळे दोन तुकड्या करून दोन गाइड घ्यावे लागतात, कानात यंत्रं द्यावी लागतात, आणि तो खर्च पत्रकातल्या किमतीत मिळवला जातो.