साखरेचं ऑडिट गेटपाशी का थांबतं

गळीत हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, पलूस पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीड-जालन्याकडून येतात, तशा आपल्याच जत आणि माण तालुक्यांतूनही येतात. अलीकडे याच हंगामात काही कारखान्यांवर आणखी एक मंडळी येऊ लागली आहेत: साखर विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या वतीनं कामगारांची स्थिती तपासणारे ऑडिटर. ते हजेरीपट पाहतात, पीएफची चलनं पाहतात, बॉयलरपाशी हेल्मेट आहेत का बघतात. टोळीची आणि त्यांची गाठ सहसा पडत नाही. असं का होतं, याचं उत्तर दोनशे वर्षं मागे जातं, आणि तिथंही साखरच भेटते.

1791-92 मध्ये इंग्लंडमधल्या लाखो लोकांनी वेस्ट इंडीजची साखर खाणं सोडलं, कारण ती गुलामांच्या श्रमावर पिकत होती. पुढे 1820च्या दशकात तिथल्या घरांत साखरेची खास भांडी आली. त्यांवर लिहिलेलं असे, ‘ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली’. सहा कुटुंबांनी वेस्ट इंडीजऐवजी ईस्ट इंडियाची साखर वापरली तर एक गुलाम कमी लागेल, असा हिशोबही काही भांड्यांवर छापलेला होता. ही ईस्ट इंडियाची साखर म्हणजे हिंदुस्थानातली, आपल्या देशाची. गुलामगिरीला कायद्याचा आधार नाही, हे हिंदुस्थानात 1843 साली ठरलं. म्हणजे भांडी विकली जात होती तेव्हा इथं ती कायदेशीरच होती. नैतिक खरेदीचा पहिला शिक्का आपल्या साखरेला मिळाला, तो इथल्या शेतात कुणी पाऊल न टाकता.

पुढचा टप्पा गिरण्यांचा. मुंबईच्या गिरण्यांतली परिस्थिती तपासायला 1875 मध्ये सरकारनं आयोग नेमला. त्यामागे कामगारांचा कळवळा होता, तसा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा दबावही होता. स्वस्त मजुरीच्या जोरावर मुंबईचं कापड आपल्याला खाऊन टाकेल ही त्यांची धास्ती. त्यातून 1881 चा फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायचं नाही, एवढ्यावरच त्याची मोठी मजल. खरा रेटा आला तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे. सत्यशोधक परंपरेतल्या या माणसानं 1884 मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज दिला. 1890 मध्ये गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली आणि 1891 च्या कायद्यात ती आली. सातारा जिल्ह्यातून गिरणीत गेलेल्या कितीतरी घरांना रविवार मिळाला तो असा. तपासणीच्या साऱ्या इतिहासात मला हा प्रसंग वेगळा वाटतो, कारण इथं मागणी ज्याच्या अंगाला चटके बसत होते त्यानं केली, गिऱ्हाइकानं नाही.

हा कायदा होता ब्रिटिश हिंदुस्थानचा. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांत होता, आणि ब्रिटिशांचा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली ती औंध संस्थानात. तिथं कामगाराला काय मिळायचं, हे मालकाच्या आणि राजाच्या मनावर. स्वातंत्र्यानंतर 1948 चा फॅक्टरी कायदा सगळीकडे लागू झाला. प्रथमोपचार पेटी, संडास, पन्नासपेक्षा जास्त (1976 नंतर तीसपेक्षा जास्त) बायका असतील तर पाळणाघर, अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर कँटीन. आज खासगी ऑडिटरच्या हातात असलेल्या यादीचा बराचसा सांगाडा याच कायद्यातला. आणि याच कायद्यानं कारखान्याची व्याख्या केली ती जागेवरून: यंत्रं चालतात ती इमारत आणि तिचं आवार.

परदेशी ब्रँडांचं ऑडिट मात्र 1990च्या दशकातलं. 1991 मध्ये जीन्स बनवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉसनं पुरवठादारांसाठी अटी ठरवल्या. मग इंडोनेशियातल्या बुटांच्या कारखान्यांवरून नायकेवर टीका झाली, 1996 मध्ये पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये फुटबॉल शिवणाऱ्या मुलांचे फोटो अमेरिकेत छापून आले. ब्रँडांना काहीतरी दाखवणं भाग होतं. एसए 8000 हे कामगारांच्या स्थितीचं मानक 1997 चं, ब्रिटनमधली एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह ही कंपन्या, युनियन आणि स्वयंसेवी संस्थांची संघटना 1998 ची. सरकारी निरीक्षक कमी पडतो, म्हणून खासगी तपासनीस, अशी ही रचना. फक्त त्याची फी बहुतेक वेळा ज्याची तपासणी व्हायची तोच पुरवठादार भरतो.

सातारा, शिरवळ, कुपवाडच्या एमआयडीसीत काम केलेल्या माणसाला ऑडिटचा दिवस वेगळा सांगावा लागत नाही. आदल्या संध्याकाळी पिवळे पट्टे रंगवले जातात. आपत्कालीन दारासमोरचे खोके हलतात. औषधाच्या पेटीत नवीन बँडेज येतं. काही कंत्राटी पोरांना ‘उद्या येऊ नका’ असा निरोप जातो. सकाळी ऑडिटर बारा महिन्यांचे पगारपत्रक मागतो, शॉपवर चक्कर मारतो, मग चार-पाच कामगारांना बाजूला बसवून विचारतो, ओव्हरटाइमचे पैसे मिळतात का. बाहेर सुपरवायझर उभा असतो. त्या खोलीतलं उत्तर काय येणार, हे सगळ्यांना माहीत असतं.

या पद्धतीचं पितळ उघडं पडलं कराचीत. 11 सप्टेंबर 2012 ला अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात आग लागून अडीचशेहून अधिक कामगार गेले. काही आठवड्यांपूर्वीच त्या कारखान्याला एसए 8000 चं प्रमाणपत्र मिळालं होतं. सात महिन्यांनी, 24 एप्रिल 2013 ला, ढाक्याजवळची राणा प्लाझा कोसळली आणि 1,134 जण मेले. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांचंही सामाजिक ऑडिट झालेलं होतं. तपासणाऱ्यांचा बचाव असा की इमारतीची मजबुती आमच्या यादीत नव्हती. तांत्रिकदृष्ट्या ते खरंही असेल. पण यादीबाहेरचं काहीच दिसायचं नाही असं एकदा ठरलं, की यादी कोण लिहितो यालाच सगळं महत्त्व येतं.

आता साखरेकडे येऊ. कारखान्यातला कामगार वेतन मंडळाच्या करारातला, युनियनवाला, बराचसा सुरक्षित. ऊस तोडणारा मात्र कारखान्याचा नोकर नाही, असंच कागद सांगतो. पैसा जातो तो असा: कारखान्याकडून किंवा त्याच्या तोडणी-वाहतूक संस्थेकडून ट्रॅक्टरमालकाला, त्याच्याकडून टोळी जमवणाऱ्या मुकादमाला, मुकादमाकडून टोळीला. हंगामाआधी ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते, आणि ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळून. त्या जोडीला म्हणायचं एक कोयता. बाईचा स्वतंत्र हिशोब कुठंच नाही. एक दिवस काम चुकलं तर खाडा, म्हणजे दंड, उचलीत चढतो. रोजच्या भाजी-मिठाला पैसे येतात ते वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून. काट्यावर जी वजनपावती निघते तिच्यावर शेतकऱ्याचं नाव असतं, गाडीचा नंबर असतो, ठेकेदाराचा कोड असतो. ज्यानं ऊस तोडला त्याचं नाव नसतं. मग टोळीत मोळी बांधणारी बारा वर्षांची पोरगी कोणत्या हजेरीपटावर सापडणार?

आपल्या भागातल्या वाहनमालकाची बाजूही सांगितली पाहिजे. उचल घेऊन मुकादम गायब झाला आणि ट्रॅक्टरचे हप्ते थकले, अशी घरं सांगली-साताऱ्यात गावोगावी आहेत. साखळीतला मधला माणूसही कर्जातच असतो.

यात सगळ्यात विसंगत गोष्ट दराची. टनामागे तोडणीची मजुरी किती, हे सहकारी कारखान्यांचा साखर संघ आणि मजुरांच्या संघटना बसून ठरवतात. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या बैठकीत 34 टक्के वाढ ठरली. म्हणजे मजुरी ठरवायला कारखानदार टेबलावर असतात, आणि जबाबदारीचा विषय निघाला की ‘ते आमचे कामगार नाहीत’.

बाहेरच्यांचं लक्ष इकडे वळलं ते बीडच्या बायकांमुळे. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे आलं की पाहणी केलेल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आहेत. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं हा धागा थेट कोकाकोला आणि पेप्सीच्या साखरेपर्यंत नेला. आपल्या मालामागच्या कामगारांची स्थिती बघण्याची जबाबदारी मोठ्या कंपन्यांवर टाकणारा पुरवठा साखळीचा कायदा जर्मनीत 2023 पासून लागू आहे, तसाच युरोपीय संघाचा निर्देश 2024 चा. तासगावच्या निर्यातदार द्राक्षबागायतदारांना अशा कागदांची सवय जुनी आहे. तिथं औषधाचा अंश कणाकणानं मोजला जातो आणि मजुरांचं पान पुरवणीत असतं.

कारखान्यांचं सध्याचं उत्तर आहे हार्वेस्टर, म्हणजे ऊस तोडणारं यंत्र. किंमत कोटीच्या घरात, राज्याचं अनुदान, आणि रुंद सरीची अट. कृष्णाकाठच्या काळ्या, ओल्या, तुकड्या-तुकड्यांच्या रानात ते यंत्र पुष्कळदा अडकतं, आणि मग मुकादमाला फोन जातो. ऑडिटच्या फॉर्मवर हार्वेस्टरचा नंबर लिहायला जागा आहे.