प्लुटोनियम डायऑक्साइड

प्लुटोनियम या किरणोत्सर्गी धातूचे सर्वांत स्थिर आणि सर्वाधिक वापरातले ऑक्साइड. यात प्लुटोनियमच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन अणू असून प्लुटोनियमची ऑक्सिडीकरण अवस्था +४ असते. स्फटिकरचना फ्लुओराइटसारखी घनीय, एकक कोशिकेची बाजू सुमारे ५३९.६ पिकोमीटर, घनता सुमारे ११.५ ग्रॅम प्रति घन सेंमी. रंग बहुधा शेवाळी हिरवा. कणांचा आकार, शुद्धता व भाजण्याचे तापमान यांनुसार तो पिवळट तपकिरीपर्यंत बदलतो.

नायट्रिक अम्लातील प्लुटोनियमच्या विद्रावात ऑक्झॅलिक अम्ल घातले की ऑक्झॅलेटचा साका बसतो. तो गाळून हवेत भाजला की डायऑक्साइड उरते. भाजणी जितकी कडक, तितकी पूड अम्लाला दाद देत नाही. १,००० अंश सेल्सिअसच्या वर भाजलेली पूड उकळत्या नायट्रिक अम्लात तासन्‌तास ठेवली तरी बरीचशी तळाशीच राहते. त्यात हायड्रोफ्लुओरिक अम्ल थोडेसे मिसळले की फ्लुओराइड आयन प्लुटोनियमला धरतात आणि विरघळणे सुरू होते. दुसरा मार्ग द्विसंयुजी (+२ अवस्थेतील) रुप्याचा : विद्युत्‌प्रवाहाने तयार केलेला हा आयन प्लुटोनियमला +६ अवस्थेत नेतो आणि पूड सौम्य तापमानालाही विरघळते.

याहून अधिक ऑक्सिजन असलेले घन ऑक्साइड असते का, हा या संयुगाच्या रसायनातला सर्वांत वादाचा प्रश्न. नसतेच, असे दीर्घकाळ मानले जाई. २००० साली अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेतील हॅश्के, ॲलन व मोरालेस यांनी ‘सायन्स’मध्ये वेगळा दावा मांडला : २५ ते ३५० अंशांत पाण्याच्या वाफेशी डायऑक्साइडची सावकाश विक्रिया होते, हायड्रोजन सुटतो, आणि एका प्लुटोनियममागे ऑक्सिजनचे प्रमाण २.२७ पर्यंत चढते. निष्कर्ष मुख्यतः वायूच्या मापनांवर बेतलेला होता. पुढे लॉस अलामोसमधीलच क्ष-किरण शोषणाच्या अभ्यासांतून +५ अवस्थेच्या खुणा दाखवण्यात आल्या. उलट, २००४ मधील सैद्धांतिक गणितांनुसार ही विक्रिया ऊष्माग्राही (उष्णता शोषणारी, आपोआप न घडणारी) ठरते. ती घडायची तर प्रारणाने फुटलेल्या पाण्यातील क्रियाशील घटक लागतात. जर्मनीतील कार्ल्झ्रूहे येथे पातळ थरांवर आण्वीय (सुट्या अणूंच्या रूपातला) ऑक्सिजन सोडून पाहिले असता जादा ऑक्सिजन पृष्ठभागीच चिकटलेला आढळला. आतील स्फटिकात प्लुटोनियम चौसंयुजीच (+४ अवस्थेतच) राहतो आणि बदल पृष्ठभागापुरता असतो, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते.

वादाला व्यवहाराची बाजूही आहे. ऑक्साइड कोणतेही निघो, पूड हवेतला ओलावा धरते, प्लुटोनियममधून निघणारे अल्फा कण तो फोडतात आणि बंद डब्यात हायड्रोजन साठू शकतो. म्हणून अमेरिकेच्या दीर्घकालीन साठवणीच्या मानकात पूड किमान ९५० अंशांना भाजून ओलावा अर्ध्या टक्क्याखाली आणणे सक्तीचे आहे.

वितळबिंदूच्या बाबतीत जुन्या संदर्भग्रंथांतील सुमारे २,४०० अंश हा आकडा आता जपून वापरावा. ती मापने टंगस्टनच्या मुशीत झाली होती, आणि तप्त ऑक्साइड मुशीशीच विक्रिया करत असावे. लेसरने क्षणभर तापवून, मुशीचा संबंध टाळून केलेल्या नव्या मापनात ३,०१७ केल्विन (सुमारे २,७४४ अंश सेल्सिअस) हे मूल्य मिळाले. तेच स्वीकारणे योग्य.

वजन केलेले प्लुटोनियमचे पहिले शुद्ध संयुग हेच. १० सप्टेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठाच्या जोन्स प्रयोगशाळेतील ४०५ क्रमांकाच्या खोलीत कनिंगहॅम व वर्नर यांनी क्वार्ट्‌झच्या तंतूच्या तराजूवर २.७७ मायक्रोग्रॅम ऑक्साइड तोलले. मिठाच्या बारीक कणापेक्षाही ते हलके होते.

युरेनियम डायऑक्साइडशी मिसळून त्याचे मिश्र ऑक्साइड इंधन बनते. तारापूरला असे इंधन तयार होते. १८ मे १९७२ रोजी तुर्भ्याला क्रांतिक झालेल्या (म्हणजे स्वतःहून टिकणारी विखंडन शृंखला सुरू झालेल्या) ‘पूर्णिमा’ अणुभट्टीचे इंधन मात्र प्लुटोनियम ऑक्साइडचेच होते. अवकाशयानांच्या औष्णिक विद्युत्‌जनित्रांत प्लुटोनियम-२३८ (अर्धायुकाल ८७.७ वर्षे) याचे डायऑक्साइड असते, मंगळावरील ‘क्युरिऑसिटी’त ते सुमारे ४.८ किलो आहे. अल्फा कण ऑक्सिजन-१७ व १८ या जड समस्थानिकांवर आदळून न्यूट्रॉन निघतात, म्हणून अशा इंधनातील ऑक्सिजन बदलून जवळपास शुद्ध ऑक्सिजन-१६ भरतात.